विद्यापीठात सुरक्षेचे नियम खरोखर पाळले जावेत यासाठी नेतृत्व कसे करावे

२९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत २३ वर्षांची एक संशोधन सहाय्यक टर्ट-ब्युटिललिथियम हे हवा लागताच पेट घेणारे द्रव्य प्लॅस्टिकच्या सिरिंजने काढून घेत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव्य उडाले आणि तिच्या अंगावरील स्वेटरने पेट घेतला. तिने लॅबकोट घातलेला नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अपघाताच्या आधीची आहे. सुमारे दोन महिन्यांपूर्वी विद्यापीठाच्याच तपासणीत, त्या प्रयोगशाळेत काम करणारे लॅबकोट घालत नाहीत, अशी नोंद झाली होती. म्हणजे नियम होता, तपासणी झाली होती आणि त्रुटी कागदावरही आली होती. त्या कागदापासून कामाच्या टेबलापर्यंतचे अंतर मात्र कोणी पार केले नाही.

हे अंतर पार करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते, त्या कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि संशोधन गट चालवणाऱ्या प्राध्यापकांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. सुरक्षा आणि आरोग्याचे नियम कोणते, याची यादी येथे दिलेली नाही, कारण ती बहुतेक विद्यापीठांकडे असतेच. त्याच नियमांची एका विभागात काटेकोर अंमलबजावणी होते आणि शेजारच्या विभागात ते फलकावरच राहतात, असे का घडते आणि वरिष्ठांनी आपल्या वागण्यात नेमके काय बदलावे, एवढाच या लेखनाचा विषय आहे.

नियम कोठे अडकतात

कारखान्यात आदेशाची साखळी सरळ असते. विद्यापीठात ती अनेक ठिकाणी तुटलेली असते. कुलगुरूंनी काढलेले परिपत्रक विभागप्रमुखाकडे येते, पण विभागप्रमुख हा बहुधा ठरावीक काळासाठी त्या खुर्चीवर बसलेला एक सहकारी असतो. मुदत संपल्यावर ज्यांच्यासोबत पुन्हा बरोबरीने बसायचे आहे त्यांना नियमभंगाबद्दल बोलणे त्याला अवघड जाते. प्रयोगशाळेत खरी सत्ता मार्गदर्शक प्राध्यापकाची असते, कारण निधी त्याच्या नावावर येतो, शिफारसपत्र तो लिहितो आणि प्रबंध सादर होण्यासाठी त्याचीच सही लागते. ज्याच्या सहीवर आपले भविष्य अवलंबून आहे त्याला ‘हे काम धोक्याचे वाटते’ असे सांगणे संशोधक विद्यार्थ्याला किती कठीण जात असेल, हे आपणही कधीतरी विद्यार्थी होतो हे आठवल्यास सहज लक्षात येईल.

त्यात भर म्हणजे माणसे सतत बदलत राहतात. तीन-चार वर्षांत विद्यार्थी निघून जातो आणि त्याच्यासोबत त्या उपकरणाचे बारकावेही जातात. रात्री उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी काम चालते. अनेक देशांतील कामगार-सुरक्षा कायदे ‘कर्मचारी’ या व्याख्येभोवती लिहिलेले असल्यामुळे विद्यार्थी त्या संरक्षणाच्या कडेला राहतात. अशा ठिकाणी वरून आलेला नियम खाली पोहोचतो तो गटप्रमुखाच्या वागण्यातून. आपले प्राध्यापक कशाकडे लक्ष देतात, कशावर रागावतात आणि काय पाहूनही न पाहिल्यासारखे करतात, हे विद्यार्थी पहिल्या पंधरवड्यातच ओळखतात आणि त्यावरून खरा नियम कोणता ते ठरवतात.

डोव्ह झोहर या संशोधकांनी १९८० मध्ये इस्राएलमधील २० औद्योगिक संस्थांच्या अभ्यासातून ‘सुरक्षेचे वातावरण’ ही कल्पना मांडली. व्यवस्थापनाला सुरक्षेची खरोखर किती पर्वा आहे, याविषयी कामगारांचा जो सामूहिक समज असतो, त्यावर त्या ठिकाणची सुरक्षा बरीचशी अवलंबून असते, असा त्याचा गाभा होता. विद्यापीठाला हे विशेष लागू पडते, कारण येथे प्रत्येक प्रयोगशाळेचे वातावरण वेगळे असते. एकाच मजल्यावरच्या दोन दारांआड दोन वेगवेगळ्या संस्था नांदत असाव्यात, इतका फरक कधीकधी दिसतो.

आपली शैली आधी ओळखा

नेतृत्वाच्या अभ्यासकांनी शैलींची अनेक वर्गीकरणे केली आहेत. आपल्या कामासाठी चार प्रकार लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

पहिली शैली अलिप्त राहण्याची. ‘सगळे सुशिक्षित आहेत, त्यांना कळते’ असे म्हणून असा प्रमुख दूर राहतो आणि काही बिघडल्यावरच लक्ष घालतो. विद्यापीठात ही शैली सर्वाधिक आढळते आणि तिला शैक्षणिक स्वातंत्र्याचे प्रतिष्ठित नाव मिळत असल्यामुळे ती दोष म्हणून ओळखूही येत नाही. माझ्या मते चारही प्रकारांत हाच सर्वांत धोकादायक आहे. प्रमुख काहीच बोलत नाही याचा अर्थ खालची मंडळी ‘याला हरकत नाही’ असाच लावतात, त्यामुळे अलिप्त प्रमुखाच्या विभागात सुरक्षा नुसती जैसे थे राहत नाही, ती हळूहळू ढासळते.

दुसरी शैली धाकाची. येथे नियम वरकरणी पाळले जातात. प्रमुख येण्याची चाहूल लागली की गॉगल डोळ्यांवर चढतात आणि तो गेला की कपाळावर जातात. या शैलीचा मोठा तोटा असा की वाईट बातमी वर येणे थांबते. फुटलेली बाटली गुपचूप झाडून टाकली जाते, भाजलेला हात घरी जाऊन धुतला जातो आणि वार्षिक अहवालात ‘अपघात : शून्य’ असे समाधानाने लिहिले जाते.

तिसरी शैली नियमित देखरेखीची. अपेक्षा स्पष्ट सांगणे, ठरल्या वेळी तपासणे, चूक वेळीच दुरुस्त करून घेणे आणि चांगल्या कामाची नोंद घेणे, असे तिचे स्वरूप असते. चौथी शैली प्रेरणेची, म्हणजे स्वतः उदाहरण घालून देणे, कारणे समजावणे, लोकांचे म्हणणे ऐकणे आणि प्रत्येकाची काळजी आहे हे वागण्यातून दाखवणे.

चौथी शैली श्रेष्ठ आणि तिसरी कारकुनी, असा समज शिक्षित वर्गात सहज होतो. संशोधन तसे सांगत नाही. शेरॉन क्लार्क यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०१३ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत प्रेरणादायी नेतृत्वाचा संबंध मुख्यतः लोकांच्या सहभागाशी, म्हणजे स्वतःहून धोका दाखवणे, सूचना करणे, सहकाऱ्याला मदत करणे याच्याशी आढळला, तर प्रत्यक्ष नियमपालनाशी सक्रिय देखरेखीचे नाते महत्त्वाचे ठरले. याचा सरळ अर्थ असा की मन जिंकणारे भाषण करून तपासणी टाळता येत नाही आणि केवळ तपासणी करून लोक स्वतःहून बोलू लागत नाहीत. विभागाला दोन्ही हवे असतात आणि बहुतेक प्रमुखांना यांपैकी एकच सहज जमते. आपल्याला कोणते जमत नाही हे ओळखणे ही या कामाची पहिली पायरी आहे.

स्वतःला काही प्रश्न विचारून पाहावेत आणि उत्तरे लिहून काढावीत. गेल्या महिन्यात आपण किती वेळा प्रत्यक्ष प्रयोगशाळेत, कार्यशाळेत किंवा भांडारात गेलो आणि तेथे सुरक्षेविषयी कोणता प्रश्न विचारला? आपल्याकडे शेवटची तक्रार कोणी आणली, ती आणणारी व्यक्ती पदाने किती कनिष्ठ होती आणि तिला आपण काय उत्तर दिले? एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला नियमभंगाबद्दल आपण कधी थांबवले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर विभागात नियमभंग होत नाही असे समजू नये. यानंतर हेच प्रश्न प्रयोगशाळा सहाय्यक आणि संशोधक विद्यार्थ्यांना नाव न घेता विचारावेत. दोन उत्तरांतील फरक जितका मोठा, तितके आपले काम अधिक आहे.

सुरुवात स्वतःच्या वागण्यापासून

ही गोष्ट सांगायला सोपी आहे आणि म्हणूनच थोडक्यात सांगतो. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना प्रमुखाने स्वतः गॉगल लावावा आणि पाहुण्यांनाही द्यावा, मग तो पाहुणा निधी देणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष का असेना. अग्निसुरक्षेच्या सरावात घंटा वाजली की कुलगुरूंनी बैठक अर्धवट सोडून जिन्याने खाली यावे. सुरक्षा प्रशिक्षण अनिवार्य असेल तर प्राध्यापकांनी ते विद्यार्थ्यांसोबत पूर्ण करावे. वरिष्ठांना दिलेली प्रत्येक सूट खालच्या शंभर जणांना मिळालेली सूट असते.

भेटीची पद्धतही ठरवून घ्यावी. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे, पूर्वसूचना न देता आणि सोबत लवाजमा न नेता जावे. दोष शोधण्याच्या सुराऐवजी ‘या कामातला सर्वांत जोखमीचा टप्पा कोणता?’, ‘तो टप्पा बिघडला तर पहिल्या मिनिटात काय कराल?’, ‘येथे काम करताना तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असे प्रश्न विचारावेत. मिळालेले उत्तर त्याच दिवशी वहीत लिहावे आणि पुढच्या भेटीत त्याच विषयापासून सुरुवात करावी. आपण काही विचारले आणि पुढे ते विसरून गेलो, असे दोनदा घडले तर तिसऱ्या वेळी कोणी मनापासून उत्तर देत नाही.

तोंडी सांगितलेली मर्यादा लेखी करा

७ जानेवारी २०१० रोजी टेक्सास टेक विद्यापीठात निकेल हायड्राझिन परक्लोरेट या स्फोटक संयुगावर काम करताना स्फोट झाला आणि एका संशोधक विद्यार्थ्याने हाताची तीन बोटे गमावली. मार्गदर्शकांनी एका वेळी १०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली होती, परंतु ती तोंडी होती. प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभर पट पदार्थ तयार करण्यात आला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने या घटनेची चौकशी करून २०११ मध्ये अहवाल दिला. त्याच संशोधन गटात आधी घडलेल्या प्रसंगांची नीट नोंद झाली नव्हती आणि त्यांतून मिळालेला धडा इतरांपर्यंत पोहोचला नव्हता, असे त्यात नमूद आहे.

यावरून गटप्रमुखाने करायची कृती अगदी ठोस आहे. प्रत्येक धोकादायक कामासाठी एक पानाचे लेखी टिपण असावे. त्यात काम कोणते, कोणत्या चुकीने जीव जाऊ शकतो, एका वेळी जास्तीत जास्त किती प्रमाण घ्यायचे, कोणती संरक्षक साधने हवीत, कोणत्या वेळी एकट्याने काम करायचे नाही आणि कोणता बदल करण्यापूर्वी पुन्हा परवानगी घ्यावी लागेल, एवढे असावे. हे टिपण प्रमुखाने विद्यार्थ्याच्या हाती तयार देऊ नये, विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे आणि सही करण्यापूर्वी त्याच्याशी बसून बोलावे. लिहिताना विद्यार्थ्याला जे कळलेले नाही ते लगेच उघडे पडते, आणि ही सगळी खटपट त्यासाठीच आहे. दुसऱ्या संस्थेचे टिपण नाव बदलून चिकटवले असल्यास ते परत करावे.

टिपणात उपायांचा क्रमही पाहावा. धोकादायक पदार्थ वगळता येतो का, त्याऐवजी कमी धोक्याचा वापरता येतो का, फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी बंदिस्त जागा) किंवा यंत्राचे आवरण यांसारखी व्यवस्था करता येते का, हे प्रश्न आधी यावेत. हातमोजे आणि गॉगल हा शेवटचा आधार आहे. ज्या विभागात सुरक्षेची चर्चा फक्त हातमोज्यांपुरती होते, तेथे प्रमुखाने सगळा भार सर्वांत कनिष्ठ माणसाच्या सवयीवर टाकलेला असतो.

वाईट बातमी आली की काय करावे

माझ्या दृष्टीने प्रमुखाची खरी परीक्षा येथे होते, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवरील विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाची टाकी फुटली आणि एका संशोधिकेने हात गमावला. टाकीला जोडलेला डिजिटल दाबमापक ज्वलनशील वायूंजवळ वापरण्याजोगा नव्हता. स्फोटापूर्वी स्थिर विजेचे झटके बसणे आणि कडकड असा आवाज होणे, अशा खुणा दिसल्या होत्या. तरीही काम सुरू राहिले. मोठे अपघात क्वचितच कोणतीही चाहूल न देता येतात. प्रश्न असतो तो चाहूल लागलेल्या माणसाने ती कोणाला सांगितली आणि ऐकणाऱ्याने काय केले, हा.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत औषध देण्यातील चुकांचा अभ्यास झाला. ज्या विभागांतील परिचारिकांचे आपल्या प्रमुखांविषयी चांगले मत होते तेथे चुकांची नोंद जास्त आढळली. तेथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. विद्यापीठातही थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढू लागल्या तर पहिल्या वर्षी तरी तो चांगला बदल मानावा आणि तसे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर आकडा वाढलेला पाहून तेच नोंदी कमी करण्याचा दबाव आणतील.

कोणी धोक्याची किंवा चुकीची बातमी घेऊन आला तर पहिले वाक्य आभाराचे असावे. ते उपचारापुरते वाटू नये म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारावा : आता या क्षणी तेथे कोणी धोक्यात आहे का? असल्यास काम थांबवावे. कोणी केले, हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नये. दुसऱ्या दिवशी घटनास्थळी जाऊन, संबंधितांना सोबत घेऊन, कोणत्या परिस्थितीमुळे ही चूक करणे सोपे झाले, हे समजून घ्यावे. साधन उपलब्ध नव्हते का, मुदतीची घाई होती का, नवीन माणसाला कोणी शिकवले नव्हते का, फ्यूम हूड महिनाभर बंद होता का? दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. आठवड्याभरात बातमी देणाऱ्याला काय झाले ते स्वतः जाऊन सांगावे. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि तिच्याअभावी पुढची बातमी येत नाही.

मग शिक्षा कधीच करू नये का? करावी, पण कशासाठी हे आधीच जाहीर करून. प्रामाणिक चूक आणि चूक कळवणे यांना शिक्षा नसावी. जाणूनबुजून सुरक्षा-यंत्रणा बंद करणे, घटना लपवणे आणि तक्रार करणाऱ्याला त्रास देणे या तीन गोष्टींना मात्र पद न पाहता कारवाई व्हावी. ही रेषा लेखी आणि सर्वांना माहीत असलेली हवी.

याच्या जोडीला काम थांबवण्याचा अधिकार द्यावा. प्रयोगशाळा परिचरापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही धोका वाटल्यास काम थांबवता येईल आणि शंका चुकीची ठरली तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, असा लेखी आदेश विभागप्रमुखाने काढावा. हा अधिकार पहिल्यांदा वापरला जाईल तेव्हा एखाद्याचा प्रयोग वाया जाईल आणि तो संतापेल. त्या क्षणी प्रमुख कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे सगळा विभाग पाहत असतो.

नियम न पाळणारा नामवंत सहकारी

ज्यांचे शोधनिबंध गाजतात आणि ज्यांच्यामुळे विद्यापीठाकडे निधी येतो, अशा प्राध्यापकांनी नियम धाब्यावर बसवले तर काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक विभागप्रमुखाला कधी ना कधी पडतो. टेक्सास टेकच्या चौकशीतही असे दिसले की प्रयोगशाळांची तपासणी म्हणजे शैक्षणिक स्वातंत्र्यावर अतिक्रमण, असे काही प्राध्यापकांना वाटत होते. याचे उत्तर शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत द्यावे. कोणता प्रश्न संशोधनासाठी निवडायचा आणि कोणता निष्कर्ष मांडायचा, याचे स्वातंत्र्य प्राध्यापकाचे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांचा आणि फुप्फुसांचा धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य त्यात येत नाही.

‘तीस वर्षे करतो आहे, मला काही झाले नाही’ हा युक्तिवाद हमखास येतो. त्यासाठी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९९६ मध्ये तेथील एका नामवंत रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापिकेच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. त्या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या आणि त्या काळी योग्य मानली जाणारी काळजी घेऊन काम करत होत्या. नंतरच्या चाचण्यांत दिसले की ते द्रव्य तशा पातळ लॅटेक्स मोज्यांतून काही सेकंदांतच आरपार जाते. जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. एवढ्या जाणकार आणि सावध व्यक्तीच्या बाबतीत जे घडले, त्यापुढे केवळ अनुभवाची ढाल पुरत नाही.

अशा सहकाऱ्याशी पहिले बोलणे एकांतात आणि आदराने करावे. नियमांचे पुस्तक पुढे न करता प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगावी : ‘सर, परवा तुमच्या प्रयोगशाळेत दोन सिलिंडर साखळीशिवाय उभे होते. ते कधीपर्यंत बांधून घेता येतील?’ तारीख घ्यावी आणि त्या दिवशी जाऊन पाहावे. तारीख उलटली तर लेखी कळवावे. त्यानंतरही बदल झाला नाही तर तो धोकादायक भाग तात्पुरता बंद करावा. ही शेवटची पायरी विभागप्रमुखाला एकट्याला झेपत नाही, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच अधिष्ठाता आणि कुलगुरूंकडून स्पष्ट विचारून घ्यावे की अशी वेळ आल्यास ते पाठीशी राहतील का. वरून फोन येऊन दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळा उघडली गेली तर त्या विद्यापीठातील सुरक्षा अधिकाऱ्याच्या शब्दाला पुढे अनेक वर्षे वजन राहत नाही.

कॅलिफोर्नियातील प्रकरणात पुढे विद्यापीठाच्या नियामक मंडळावर आणि संबंधित प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. २०१२ मध्ये विद्यापीठाबाबत आणि २०१४ मध्ये प्राध्यापकाबाबत ते करारांच्या मार्गाने मिटवले गेले. जबाबदारी विद्यार्थ्याच्या बेफिकिरीवर ढकलून वरिष्ठ मोकळे होतात, हा समज आता सुरक्षित राहिलेला नाही, हे नामवंतांनाही सांगावे.

सुरक्षा अधिकाऱ्याचे स्थान आणि पैसा

ज्याला दुरुस्ती करवून घेण्याचा अधिकार आहे, अशा पदाधिकाऱ्याशी सुरक्षा तपासनिसाचा थेट संपर्क असावा, अशी शिफारस टेक्सास टेकच्या चौकशी अहवालात आहे. अनेक विद्यापीठांत सुरक्षा अधिकारी इमारत देखभाल विभागात, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसवलेला असतो आणि त्याच्या नोंदी वर जाताना मवाळ होत जातात. त्याला कुलगुरू किंवा कुलसचिवांकडे थेट अहवाल देता यावा आणि वर्षातून किमान दोनदा विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळापुढे स्वतः बोलता यावे.

पैशाबाबत एकच सांगतो. पाचशे रुपयांच्या दुरुस्तीला आणि पाच लाखांच्या दुरुस्तीला एकच खरेदी-प्रक्रिया लावू नये. लहान दुरुस्त्यांसाठी विभागप्रमुखाच्या सहीने त्याच दिवशी खर्च करता येईल असा वेगळा निधी असावा आणि संशोधन प्रकल्पाचे अंदाजपत्रक करतानाच सुरक्षेचा खर्च त्यात धरावा.

प्रयोगशाळेबाहेरचे विद्यापीठ

विद्यापीठाची सुरक्षा म्हणजे रसायनांची सुरक्षा, असे समजणाऱ्या प्रमुखाच्या नजरेतून निम्मी माणसे सुटतात. छतावर चढणारा वीजतंत्री, सांडलेले काहीतरी पुसणारी सफाई कामगार, गच्चीवरच्या टाकीत उतरणारा कंत्राटी मजूर, क्षेत्रभेटीला विद्यार्थी घेऊन जाणारा शिक्षक आणि यंत्र-कार्यशाळेत रात्री काम करणारा विद्यार्थी हे सगळे त्यात येतात. २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या एका कार्यशाळेत रात्री एकटी काम करणारी विद्यार्थिनी, केस लेथमध्ये अडकून मृत्युमुखी पडली. एकट्याने यंत्रावर काम होणार नाही याची काळजी तेथे घेतली गेली असती तर मदतीला कोणीतरी जवळ असते. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ‘ते ठेकेदाराचे’ हे वाक्य प्रमुखाने स्वतःच्या तोंडून कधी निघू देऊ नये. त्यांनाही तेच प्रशिक्षण, तीच साधने आणि तक्रारीचा तोच मार्ग मिळावा, आणि तो मार्ग त्यांना समजेल अशा भाषेत असावा.

आरोग्याचा भागही येथेच येतो. सततच्या मुदती, रात्रपाळीसारखे कामाचे तास आणि मार्गदर्शकाकडून होणारा अपमान यांनी झोप आणि मन बिघडते, आणि थकलेला माणूस चूक करतो. आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा व आरोग्याविषयीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन मानकाने नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग यांना एकत्र स्थान दिले आहे, तर २०२१ च्या आयएसओ ४५००३ मध्ये कामातील मानसिक जोखमींचा स्वतंत्र विचार आहे. सुरक्षित आणि निरोगी कार्यस्थळ हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२२ मध्ये कामाच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केला. ज्या गटात रात्री दोन वाजता आलेल्या संदेशाला उत्तर देणे अपेक्षित असते, तेथील प्रमुखाने गॉगल वाटून आपली जबाबदारी पूर्ण झाली असे मानू नये.

काय मोजावे

अपघातांची संख्या मोजावीच, पण तिच्यावर विसंबू नये, कारण ती उशिरा कळते आणि सहज लपवता येते. त्याऐवजी त्रुटी नोंदवल्यापासून ती दुरुस्त होईपर्यंत सरासरी किती दिवस गेले, हे दर तिमाहीस पाहावे. ज्या विभागात हा आकडा वाढतो आहे तेथे अधिष्ठात्यांनी स्वतः जावे. धोक्याच्या नोंदी कोणत्या पदांवरून येतात हेही पाहावे. सगळ्या नोंदी सुरक्षा अधिकाऱ्याच्याच असतील आणि विद्यार्थी व परिचरांकडून एकही येत नसेल, तर तेथे लोक बोलायला घाबरतात किंवा बोलून उपयोग नाही असे समजतात. प्राध्यापकांच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांच्या गटाच्या सुरक्षेचा एक प्रश्न असावा, आणि तो ‘अपघात झाला का?’ असा न ठेवता ‘या वर्षी कोणता धोका ओळखून दूर केला?’ असा ठेवावा.

खुर्ची सोडताना

विभागप्रमुख बदलला की आधीच्याने बसवलेली घडी विस्कटते, हा अनुभव जवळजवळ सर्वत्र येतो. म्हणून पदभार देण्याच्या कागदांत सुरक्षेचे एक वेगळे पान असावे. त्यावर अपूर्ण दुरुस्त्या आणि त्यांच्या तारखा, विभागातील सर्वांत जोखमीची पाच कामे, ज्या सहकाऱ्यांशी बोलणे सुरू आहे त्यांच्याबाबतची वस्तुस्थिती आणि गेल्या वर्षात टळलेले अपघात लिहावेत. ते पान हातात घेऊन जुन्या आणि नव्या प्रमुखाने विभागातून एक फेरी एकत्र मारावी आणि प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्या व्यक्तीसमोर ते वाचावे. काही चुकीचे किंवा राहून गेले असेल तर ती व्यक्ती तेथेच सांगेल, आणि नव्या प्रमुखाच्या वहीतील पहिली नोंद तीच असावी.